विहिरीचा कठडा

31 जानेवारी 2021 चा पोलिओ रविवार आमच्या यवतमाळ जिल्ह्यात लोक लवकर विसरणार नाहीत. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात त्या दिवशी पाच वर्षांखालच्या बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हाताला लावायच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. लेकरांना दवाखान्यात भरती केलं आणि सगळी सुखरूप राहिली, हेच मोठं. तिघांवर निलंबनाची कारवाई होणार, असं पेपरात आलं. आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर त्याच बातमीचा विषय होता.

"डोळे फुटले होते काय त्याईचे? लेकराच्या तोंडात काय टाकतो ते दिसत नाही?"

"सस्पेंड करून काय होते, जेलात टाका!"

मी चहा घेत गप्प बसलो होतो. मला तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधीची तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत औषध निर्माण अधिकारी म्हणून काढली, त्यातली बहुतेक एकाच ग्रामीण रुग्णालयात. सरकारी कागदावर हुद्दा लांबलचक. गावकऱ्यांच्या तोंडी शेवटपर्यंत 'कंपाउंडर भाऊ'च. टपरीवरच्यांचा राग खोटा नव्हता. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या कामगारांचे चेहरे येत नव्हते, टेबल येत होतं. कोरोनाचं वर्ष. त्या वर्षी प्रत्येक बूथवर सॅनिटायझर ठेवायचंच होतं. समोर रांग, कडेवर रडणारी लेकरं, आणि हाताच्या अंतरावर लस न् सॅनिटायझर. जिथं औषध तोंडात टाकायचं तिथं, त्याच फळीवर, तोंडात न टाकायची बाटली.

पोलिओच्या लसीची बाटली पाहिली असेल तर तिच्यावर एक छोटा गोल असतो आणि त्या गोलात एक चौकोन. लसीला ऊन-उबारा लागला की तो चौकोन हळूहळू गडद होत जातो. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर बाटली चांगली. दोघांचा रंग सारखा झाला की ती फेकायची. वाचता येवो न येवो, थर्मामीटर असो नसो, तांड्यावरच्या आशाताईलाही एका नजरेत कळतं. कुठल्या तरी शहाण्या माणसानं बसून विचार केला, की ही बाटली शेवटच्या वाडीत पोचेल तेव्हा तिथल्या बाईला चूक करताच येऊ नये. असा विचार त्या वर्षीच्या टेबलाबद्दल कोणाला सुचला नसावा.

दवाखान्यात चूक झाली की पहिला सवाल असतो, कोणी केली? हा सवाल सोपा, कारण उत्तर लगेच मिळतं. ड्युटीवर कोण होतं ते हजेरीपटात लिहिलेलंच असतं. कशामुळे झाली, हे विचारायला वेळ लागतो, आणि उत्तर पुष्कळदा वरपर्यंत जातं.

मी त्या रुग्णालयात रुजू झालो तेव्हा जुन्या लोकांकडून एक गोष्ट ऐकली. आमचा मुलूख कापसाचा. ऑगस्टपासून फवारणी सुरू झाली की विषबाधेचे पेशंट येऊ लागतात. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत खरखर. त्यावर अॅट्रोपिन द्यायचं. एक-दोन अँप्युलनं भागत नाही. छाती कोरडी होईस्तोवर पाच-पाच, सहा-सहा काचा एकामागून एक फोडाव्या लागतात, तेही पेशंट हातपाय झाडत असताना. मी रुजू होण्याच्या आधल्या हंगामात अशाच एका रात्री एका शेतमजुराला अॅट्रोपिनच्या काचांबरोबर अॅड्रेनॅलिनची एक काच गेली. दोन्ही एक मिलीच्या, दोन्ही इवल्याशा, अक्षरं मुंगीएवढी, आणि ट्रेमध्ये दोन्ही एकाच खणात. त्याची छाती धाडधाड उडू लागली. तो माणूस वाचला, पण त्याची बायको पुढे कधी त्या दवाखान्याची पायरी चढली नाही.

सिस्टरला मेमो मिळाला. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. एक वेतनवाढ रोखली आणि दूरच्या तालुक्यात बदली केली. फाईल बंद झाली. तिच्या जागी दुसरी सिस्टर आली. ट्रे तोच होता, खण तोच होता, कंदिलासारखा पिवळा बल्बही तोच होता. पुढच्या ऑगस्टमध्ये त्या दुसऱ्या सिस्टरच्या हातातही अॅड्रेनॅलिनची काच आली. फोडायच्या आधी तिनं ती सहज दिव्याकडं धरली म्हणून वाचलो. दुसरी सिस्टर पहिलीपेक्षा हुशार होती, असं कोणी म्हणू नये. तिच्यावर त्या घडीला देव मेहरबान होता एवढंच.

यात एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. औषध दरवर्षी एकाच कंपनीचं येत नाही. खरेदीचा दरकरार बदलला की कंपनी बदलते, कंपनी बदलली की काचेचा रंग, लेबल, खोका सगळं बदलतं. गेल्या वर्षी निळ्या अक्षरांत जे औषध होतं ते यंदा तांबड्या अक्षरांत येतं, आणि गेल्या वर्षीच्या निळ्या अक्षरांत यंदा भलतंच काही येतं. रात्रीच्या माणसाचा हात मात्र गेल्या वर्षीच्याच सवयीनं चालतो. खरेदी करणारा जिल्ह्याला बसतो, काच फोडणारी सिस्टर रात्री अडीच वाजता उभी असते. दोघांची कधी भेट होत नाही.

मग आमच्याकडे नवे अधीक्षक साहेब आले. सर्जन होते. बोलायला तुटक, चहा बिनसाखरेचा. त्यांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनी सिस्टरचं नावही विचारलं नाही. म्हणाले, "ट्रे दाखवा." ट्रे आणला. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि दोन काचा उचलून मलाच विचारलं, "कोणती कोणती आहे, सांगा." चष्म्याशिवाय त्यांना दिसत नव्हतं, आणि त्या पिवळ्या उजेडात मलाही पटकन सांगता येईना. "मग रात्री त्या पोरीला कसं दिसावं?" एवढंच बोलले.

त्याच आठवड्यात आम्ही अॅड्रेनॅलिन त्या खणातून उचलून वेगळ्या डब्यात ठेवलं, डब्याला तांबडी चिकटपट्टी लावली आणि वर मराठीत मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. नवीन कंपनीचा माल आला की तो वॉर्डात पाठवायच्या आधी मी जुन्या सगळ्या काचांशेजारी मांडून बघायचा आणि सारखा दिसणारा आढळला की सिस्टर लोकांना बोलावून दाखवायचा, असं ठरलं. काच फोडायच्या आधी नाव मोठ्यानं वाचायचं, दुसरं कोणी हजर असेल तर त्यानं ऐकून 'हो' म्हणायचं. शंभर रुपयेसुद्धा खर्च आला नाही. बल्ब बदलायला मात्र चार महिने लागले, कारण त्याला मंजुरी लागत होती.

मोठ्यानं वाचायचं म्हटल्यावर पहिले काही दिवस सगळे लाजले. "पोरखेळ वाटते न जी," असं एक जुनी सिस्टर म्हणाली. मला मात्र आमचे बाबा आठवले. बंडी जुंपून गावाला निघायचं झालं की बाबा आधी चाकाची खीळ हातानं हलवून बघत. मग वंगण, मग जुवाच्या सापत्या, मग पाण्याची कळशी. रोज तोच क्रम. चाळीस वर्षं बंडी हाकलेला माणूस. डोळे मिटून जुंपू शकला असता. एकदा मोठा भाऊ म्हणाला, "म्या पाह्यलं बाबा, खीळ बसली हाय." बाबांनी ऐकून घेतलं आणि तरी वाकून हात लावला. भावावर त्यांचा अविश्वास नव्हता. उतारावर चाक निघालं तर ते कोणाच्या भरवशावर निघालं हे विचारून बैलांचे पाय जोडता येत नाहीत, इतकं त्यांना कळत होतं. घाई असेल त्या दिवशी तर ते हटकून बघत.

साहेबांनी आणखी एक वही सुरू केली. तिच्यावर मी खडूच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'थोडक्यात वाचलो'. चूक होता होता राहिली की त्या वहीत लिहायचं. अट एकच, कोणाचं नाव लिहायचं नाही. काय झालं असतं, कुठं, किती वाजता आणि कशानं टळलं, एवढंच. दीड महिना वही कोरी राहिली. सरकारी नोकरीत आपल्या हातानं असं लिहून देणं म्हणजे आपल्याच गळ्यात दोर अडकवणं, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. पहिली नोंद शेवटी साहेबांनीच केली, स्वतःच्या ऑपरेशनबद्दल. हर्नियाची बाजू कागदावर एक आणि अंगावर दुसरी होती, पेशंटनंच सांगितलं म्हणून कळलं. साहेब स्वतः लिहितात म्हटल्यावर हळूहळू बाकीचे लिहू लागले.

त्या वहीतली एक नोंद मला अजून तोंडपाठ आहे. बायांच्या वॉर्डात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बाया, खाट क्रमांक 7 आणि 11. दोन वेगवेगळ्या तांड्यांवरच्या. एकीचं रक्त दुसरीला लागता लागता राहिलं. सिस्टरनं नेमानं विचारलं होतं, "तुम्ही अमुक बाई ना?" बाई म्हणाली, "हो." म्हणणारच. आमच्याकडचा माणूस दवाखान्यात सगळ्यालाच 'हो' म्हणतो. डॉक्टरला नाही म्हणायची त्याची छाती होत नाही, आणि पुष्कळदा काय विचारलं ते त्याला कळलेलंही नसतं. रक्त तिचं नव्हतं, नाव मात्र खरंच तेच होतं. तेव्हापासून नेम झाला. नाव आपण सांगायचं नाही, तिला सांगायला लावायचं. "तुमचं नाव काय? नवऱ्याचं नाव काय? गाव कोणतं?" तीनही केसपेपरशी जुळलं की पुढं.

या साऱ्याचं मोल मला एका रात्री नीट कळलं. 2010 च्या आसपासची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस. रात्री शिपाई क्वार्टरवर बोलवायला आला; बाळंतिणीच्या खोलीतून मॅगसल्फची मागणी होती, दहा काचा. गरोदर बाईचा रक्तदाब वाढून तिला झटके येतात तेव्हा हे औषध देतात. गावात त्याला फेफरं म्हणतात, कोणी बाहेरचं म्हणतात आणि आधी लिंबू उतरवतात. पहिला डोस मोठा असतो, पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोलवर. पण याच औषधाचा भार जास्त झाला तर श्वास बंद पडतो. म्हणून देताना गुडघ्यावर टिचकी मारून पाय उडतो का ते बघायचं, श्वास मोजायचे, लघवी मोजायची, आणि उतारा म्हणून कॅल्शियमची सुई हाताशी ठेवायची.

मी भांडार उघडलं. दाराच्या पायरीवर पेशंटची सासू बसली होती, पदर डोळ्याला लावून. आरोग्य केंद्राच्या गाडीतून दीड तास हादरे खात आले होते. मी काचा मोजून घेत होतो तेव्हा ती माझ्या हाताकडं बघत राहिली आणि म्हणाली,

"बापू, ह्याच शिश्या का जी? तिथंबी अशाच फोडल्या. दोन्हीकून सुया देल्या न पोरीले. लय वरडली."

"माय, किती फोडल्या?"

तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत पाच-सहा रिकाम्या काचा होत्या. तिथल्या बाईनं फेकून द्यायला सांगितल्या, पण हिला वाटलं, पुढच्या डॉक्टरला दाखवाव्या. म्हणून वेचून आणलेल्या. बोटाला काच लागून रक्त आलं होतं. मी चष्मा लावून वाचलं. तेच नाव होतं.

मी तिला हाताला धरून आत नेलं. डॉक्टरांनी चिठ्ठी पुन्हा पाहिली. चिठ्ठीवर नाव, वय आणि 'पुढील उपचारासाठी रवाना' एवढंच. डोस दिल्याचा एक शब्द नाही. पाठवणाऱ्यांनी औषध बरोबर दिलं होतं, वेळेत दिलं होतं, गाडीही लगेच दिली होती. आमच्याकडचेही बरोबरच वागत होते. झटके आलेली बाई आली की पहिला डोस द्यायचा हे कोणत्याही डॉक्टरला येतं. दोन बरोबर गोष्टींच्या मधल्या दीड तासाच्या रस्त्यात एक वाक्य गळालं होतं, आणि त्यानं ती पोर गेली असती. आरोग्य केंद्राला फोन लागला, वेळ कळली, डोस पुन्हा दिला नाही. पहाटे मुलगा झाला. अडीच किलोला थोडा कमी.

त्यानंतर आमच्या तालुक्यात साहेबांनी खटपट करून एक रबरी शिक्का बनवून घेतला आणि प्रत्येक आरोग्य केंद्राला दिला. चार ओळींचा. काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं, कोणाला फोन केला. कोरी ओळ दिसली की पुढचा माणूस विचारणार. आणि गाडीत बसवताना नातेवाईकालाही तोंडी सांगायचं, "अमुक सुई दिली आहे, पुढं गेल्यावर सांगा." म्हातारीच्या पदराची गाठ आम्ही कागदावर आणली, एवढंच. गाठ सगळ्याच म्हाताऱ्या बांधतात असं नाही.

दवाखान्याच्या दारातून माणूस बाहेर पडला की चुकीची जागाही त्याच्याबरोबर घरी जाते. सांधेवाताच्या काही पेशंटना मोठ्या दवाखान्यातून मेथोट्रेक्सेटची गोळी लिहून मिळते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्त तयार होणं थांबतं, माणूस दगावतो. पण आमच्या माणसाला गोळी म्हणजे रोजची. कागदावर इंग्रजीत 'आठवड्यातून एकदा' असलं तरी त्याला काय! मी त्यांना विचारायचा, "तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी?" कोणी म्हणे गुरुवार, कोणी शनिवार. मग पाकिटावर लिहायचं, 'बाजाराच्या दिवशीची गोळी', आणि हातात एका महिन्याच्या चारच द्यायच्या. बाजार कोणी विसरत नाही आणि बाजार रोज भरत नाही.

साखरेच्या इन्सुलिनचंही तसंच. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुधा एका मिलीला 40 युनिटचं मिळतं, त्याची सिरिंज तांबड्या टोपणाची. 100 युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. दिसायला बहिणी-बहिणी. 100 च्या औषधाला 40 ची सिरिंज लावली तर वीस रेघांना पन्नास युनिट जातात, अडीच पट. माणूस रात्री झोपतो तो सकाळी उठत नाही. उलट केलं तर डोस अडीच पटीनं कमी पडतो आणि डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडत नाही. मी नवीन पेशंटला बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात द्यायचा, दोन्हीवरचा आकडा त्यालाच दाखवायला लावायचा. "मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा," हे वाक्य मी तीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब नाही. पुष्कळदा पेशंट भलतंच सांगे, आणि तिथंच खिडकीपाशी चूक मरून जाई.

लोकांना वाटतं, या साऱ्या गोष्टी परदेशातल्या मोठ्या दवाखान्यांच्या. आमच्याच जिल्ह्यात, उमरखेडकडे, उटी नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, आत्माराम गावंडे, डॉक्टर होऊन अमेरिकेत गेला. त्यांचा मुलगा अतुल गावंडे, बॉस्टनचा सर्जन. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या पुढाकारानं ऑपरेशनच्या वेळी वाचायची एक यादी तयार झाली, 2008 साली. एकोणीस कलमांची, एका पानात मावणारी. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट खोलीबाहेर जाण्याआधी असं तीनदा थांबायचं आणि मोठ्यानं विचारायचं. पेशंट तोच ना? बाजू तीच ना? कसली अॅलर्जी? रक्त तयार आहे? कापूस-कपडा मोजून बरोबर भरला? शिवाय खोलीतल्या सगळ्यांनी आधी आपापलं नाव सांगायचं, कारण ज्याचं नाव ठाऊक त्याला माणूस टोकायला धजतो. दिल्लीपासून टांझानियापर्यंत आठ शहरांतल्या दवाखान्यांत ती वापरून पाहिली. शेकडा दीड मृत्यू होत होते ते 0.8 वर आले, ऑपरेशननंतरचे मोठे त्रास शेकडा 11 वरून 7 वर. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही. मला हे वाचताना बाबांची बंडी दिसत होती.

पण यादी म्हणजे गंडा-ताईत नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. बाळंतपणासाठी अशीच यादी उत्तर प्रदेशातल्या सरकारी दवाखान्यांत वापरून पाहिली, त्याचा निकाल 2017 साली छापून आला. हात धुणं, रक्तदाब बघणं, बाळाला आईच्या अंगाशी ठेवणं, हे सगळं सुधारलं. आई-बाळांच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. मला त्याचं फार नवल वाटलं नाही. रक्त नाही, गाडी नाही, रात्री डॉक्टर नाही, तिथं यादी काय करणार? खीळ हलवून बघितली तरी बैल नसतील तर बंडी निघत नाही. आणि दुसरं, यादी वाचायची असते. तिच्यावर टिकल्या मारायच्या नसतात. तपासणी पथक येणार म्हटलं की महिन्याभराच्या टिकल्या एका दुपारी मारताना मी माणसं पाहिली आहेत. तसा कागद नसलेला बरा, कारण तो सगळं ठीक असल्याचा भास करून देतो.

आमच्या गावात माझ्या लहानपणी एक उघडी विहीर होती, कठडा नसलेली. दर पावसाळ्यात काठ ढासळायचा. एका सकाळी पाणी शेंदताना नऊ-दहा वर्षांची एक पोरगी आत गेली. मिळाली ती संध्याकाळी. गावानं आधी तिच्या मायला बोल लावला, एवढ्या लहान पोरीला पाठवलीच का. मग काही दिवस त्या बाईचं तोंड बघवत नव्हतं. तेरवीच्या दिवशी एक म्हातारा चावडीवर म्हणाला, "उद्या तुमची पोरगी पाण्याले नाही जात का?" सगळे खाली बघू लागले. चार दिवसांत लोकांनी नाल्यातले दगड वाहून आणले, गवंड्यानं फुकट हात दिला आणि कमरेएवढा कठडा उभा राहिला. ती विहीर पुढे तीस वर्षं वापरात होती. तिच्यात पुन्हा कोणी पडलं नाही, आणि पोरी पहिल्यापेक्षा शहाण्या झाल्या होत्या असं काही नाही.

दवाखान्यात आपण त्या मायला बोल लावण्यापाशीच थांबतो. कोणी दारू पिऊन ड्युटीवर आला, कोणी पेशंट मरत असताना घरी झोपून राहिला, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. त्याच्यासाठी कठडा बांधायचा नसतो. पण राबणारा माणूस जेव्हा तीस खाटांच्या वॉर्डात रात्री एकटा असतो आणि चुकतो, तेव्हा त्याला हाकलून आपण फक्त एवढंच साधतो, की पुढची चूक कोणी सांगणार नाही. ती रिकाम्या काचेबरोबर बादलीत जाईल. लपलेल्या चुकीवर उपाय होत नाही. अमेरिकेत 1999 साली तिथल्या वैद्यक संस्थेनं मोठा अहवाल काढून हेच सांगितलं, की बहुतेक चुका वाईट माणसांमुळे होत नाहीत, वाईट मांडणीमुळे होतात. आपल्या सरकारनंही 2018 साली रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा काढला, बाळंतिणीच्या खोलीत कोणत्या सात ट्रेमध्ये काय असावं हेही ठरवून दिलं. कागद चांगले आहेत. ते रात्री अडीच वाजता त्या खोलीत पोचले पाहिजेत.

साहेब कधीच बदलून गेले, पुढे वारले. नंतर आलेल्या एका अधीक्षकांनी ती वही बघून विचारलं, "हे असलं लिहून कशाला ठेवता? कोणाच्या हाती लागलं तर?" त्यांचंही चुकलं नव्हतं, वरून विचारणा झाली असती तर उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं. दोन वर्षं वही कपाटात होती. मग सिस्टर लोकांनीच ती परत काढली. मी निवृत्त झालो तेव्हा चौथी वही चालू होती.

माझ्या जागी आलेला पोरगा हुशार आहे, मोबाईलवर सगळा साठा ठेवतो. मध्ये एकदा त्याचा फोन आला. दरकरार बदलला होता, नवा माल आला होता.

"काका, नवीन दोन खोके हायेत, काचा अगदी जुळ्या दिसतात. रात्रीच्या सिस्टरनंच येऊन सांगितलं. एक कुठं वेगळं ठेवू?"

"ट्रेच्या बाहेर. आणि तिलाच विचार कुठं ठेवू ते. हात तिचा जाणार आहे."

"बरं. अन् ते तांबड्या पट्टीचं बंडल कुठून आणत होते तुम्ही?"

मी त्याला बसस्टँडसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानाचा पत्ता सांगितला.